कुत्र्या-मांजराला घेऊन कोकणात जाताना

पुण्या-मुंबईहून मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाताना कुत्रा-मांजर सोबत न्यायचं असेल, तर आदल्या रात्री पिशवी भरून भागत नाही. किमान चार आठवडे हातात हवेत. लस अंगी लागायला वेळ लागतो, क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याची, सवय व्हायला वेळ लागतो आणि गाडी लागणाऱ्या कुत्र्याला कोणतं औषध चालतं हे घरीच कळलेलं बरं. वाटेत जे बिघडतं त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक, उष्णता. दुसरं म्हणजे त्या जनावरासाठी गाडी, पिंजरा, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), घाट, अनोळखी घर हे सगळं एकाच दिवशी पहिल्यांदा घडतं. उष्णतेवरचा उपाय आपल्या वेळापत्रकात आहे, दुसऱ्यावरचा घरच्या सरावात.

आधी ठरवा, न्यायचं का

लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू नेऊ नका. पार्वो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि ढाब्यामागच्या ज्या कोपऱ्यात तुम्ही पिल्लाला शू करायला उतरवाल, तिथे आधी कोणतं जनावर बसून गेलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. हृदयाचे किंवा किडनीचे आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना मे महिन्यात घरीच ठेवावं. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर या चपट्या नाकाच्या जनावरांना धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही. त्यांना न्यायचंच असेल तर थंडीत न्या.

मांजराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठवडाभरापेक्षा कमी दिवसांसाठी मांजराला गावी नेऊ नये. मांजर माणसाला जितकं धरून असतं तितकंच, किंबहुना जास्तच, जागेला धरून असतं. ओळखीच्या कुणीतरी दिवसातून दोनदा घरी येऊन खाणं-पाणी बदललं, मातीचा ट्रे साफ केला आणि पंधरा मिनिटं जवळ बसलं, तर ते मांजर प्रवास करून आलेल्या मांजरापेक्षा सुखी असतं. पूर्ण सुट्टीसाठी जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरांकडे काय काय विचारायचं

लसींचं पुस्तक घेऊन जा आणि तीन गोष्टी तपासा. रेबीजची लस वर्षभराच्या आतली हवी. कुत्र्याच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग होता का, तेही बघा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या भातखाचरांत, परसातल्या डबक्यांत तोच धोका असतो. ही लस कुत्र्याला पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि दुसऱ्यानंतर आणखी दोन आठवडे थांबावं लागतं. म्हणजे चार नाही, सहा आठवडे आधी जायला हवं.

तिसरी गोष्ट गोचीड. कोकणात कुत्र्याला गोचीड लागणार हे धरूनच चाला. खायच्या गोळ्यांपैकी अफॉक्सोलॅनर महिनाभर चालते, फ्लुरॅलॅनर साधारण १२ आठवडे. फ्लुरॅलॅनर रिकाम्या पोटी देऊ नका, खाण्यासोबत दिली तरच ती नीट शोषली जाते. निघायच्या आठवडाभर आधी द्या, म्हणजे उलटी किंवा सुस्ती आलीच तर ती घरी येईल. आणि घरात मांजरही असेल तर एक लक्षात ठेवा. कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. तेच थेंब मांजराला लावले, किंवा नुकतेच लावलेल्या कुत्र्याला मांजर चिकटून झोपलं, तरी मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय वापरू नका.

गाडी लागत असेल तर तेही इथेच सांगा. ओठ चाटणं, सारख्या जांभया, लाळेच्या तारा आणि मग उलटी, असा त्याचा क्रम असतो. बरेच जण जांभया बघून कुत्रा कंटाळला असं समजतात आणि मग सीट धुवत बसतात. मॅरोपिटंट हे औषध यावर चांगलं चालतं. प्रवासाच्या किमान दोन तास आधी थोड्याशा खाण्यासोबत द्यायचं, पण मात्रा वजनावर आणि डॉक्टरांनी ठरवलेली. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि किडनीला इजा होते.

'झोपेची गोळी द्या' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. जुन्या पद्धतीच्या एसेप्रोमॅझिनने कुत्रा वरून शांत दिसतो, भीती आत तशीच राहते. शिवाय रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते, जी नेमकी मे महिन्यात लागते. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी हल्ली डॉक्टर गॅबापेंटिन देतात. जे काही देतील त्याचा एक डोस निघायच्या आधीच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, घरी देऊन बघा. काहींना चालताना झोक जातो, काही उलटे चेकाळतात. हे कळायची जागा कुंभार्ली घाट नाही.

क्रेट आणि हार्नेस

क्रेटचं माप अंदाजाने घेऊ नका. टेप घ्या, कुत्रा उभा करा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभ्या कानांच्या टोकापर्यंतची उंची, अशी चार मापं लागतात. क्रेटची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक गादीची जाडी. समजा १८ किलोचा गावठी कुत्रा आहे, लांबी ७० सेंटिमीटर, कोपर २८ वर, खांदे १८, कान ६२ वर. तर आतून ८४ लांब, ३६ रुंद आणि ६५ उंच क्रेट लागेल. बाजारात जवळचं माप ३६ इंची मिळतं, फक्त आतली उंची मोजून घ्या. त्याहून मोठं घेऊ नका. जागा जास्त असेल तर जोरात ब्रेक लागताच कुत्रा आतल्या आत आपटतो.

सराव असा. पहिले चार-पाच दिवस क्रेट हॉलमध्ये, दार उघडं, जेवणाचं ताट आत. कुत्रा स्वतःहून जातो आणि बाहेर येतो, आपण काही बोलायचं नाही. मग तो जेवत असताना दार पाच मिनिटं लावायचं. मग अर्धा तास, आपण त्याच खोलीत. मग आपण दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या आठवड्यात क्रेट गाडीत ठेवून इंजिन बंद असताना दहा मिनिटं, मग इंजिन चालू करून उभ्या गाडीत दहा मिनिटं, मग सोसायटीला एक फेरी. तिसऱ्या आठवड्यात वळणं असलेला तासाभराचा रस्ता. कोणत्याही पायरीला लाळ गळायला लागली किंवा तो दार खरवडायला लागला की एक पायरी मागे या. घाई केली की क्रेट म्हणजे शिक्षा हे त्याच्या डोक्यात बसतं आणि ते काढायला पुढे महिने जातात.

क्रेटला गाडीत जागा नसेल तर हार्नेस, आणि त्याला सीटबेल्टच्या खाचेत अडकणारा छोटा पट्टा. हा पट्टा गळपट्ट्याला कधीही लावू नका, ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. पट्टा इतकाच लांब हवा की कुत्रा बसू-झोपू शकेल पण सीटवरून खाली घसरणार नाही. पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅग उघडली तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. हार्नेस नवा असेल तर आधी दोन आठवडे रोजच्या फेरीला वापरा, नाहीतर काखेत सोलवटतं. हार्नेस आणि कातडी यांच्यात दोन बोटं जायला हवीत, तिसरं नाही.

मांजराला जाळीची मऊ पिशवी पुरत नाही, घाबरलेलं मांजर चेन उघडून बाहेर येतं. कडक प्लॅस्टिकचा, वरूनही उघडणारा कॅरियर घ्या आणि तो कायम घरात उघडा पडू द्या, आत त्याचा जुना टॉवेल. कॅरियर माळ्यावरून फक्त डॉक्टरांकडे जायच्या दिवशी निघत असेल तर मांजर तो दिसताच पलंगाखाली जाणार. गाडीत कॅरियरची उत्तम जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतो तिथे. तो तिथे घट्ट बसतो, हलत नाही. वरून पातळ सुती कापड टाका, पण एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा.

गाडीतली उष्णता

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. सगळी भिस्त धापांवर. धापा टाकताना जिभेवरची आणि तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि रक्त गार होतं. घाट उतरून खाली आलं की हवेतच इतका दमटपणा असतो की ही ओल नीट उडत नाही. म्हणून सातारला ३६ अंशांत मजेत असलेला कुत्रा चिपळूणला ३३ अंशांत हैराण होतो.

उभ्या गाडीचं गणित कुणाला पटत नाही म्हणून आकडेच देते. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात. बाहेर ३५ असेल तर दहा मिनिटांत ४६, अर्ध्या तासात ५४. काच दोन बोटं खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. 'पटकन मिसळ खाऊन येतो' हा वेळ दहा मिनिटांचा कधीच नसतो. एकाने गाडीपाशी थांबायचं, गाडी चालू, एसी चालू, मग दुसऱ्याने जेवायचं. एकटे असाल तर डबा घेऊन निघा.

चालत्या गाडीतही एक जागा फसवी असते. एसयूव्हीच्या डिकीत क्रेट ठेवला की पुढे २२ अंशांत आपल्याला थंडी वाजते, आणि मागे काचेतून ऊन थेट क्रेटवर येत असतं, एसीचा झोत तिथपर्यंत पोचत नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र दोन-तीनशे रुपयांना मिळतं. ते क्रेटच्या जाळीला, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर बांधा आणि दर थांब्याला वाचा. २७ पर्यंत ठीक. ३० च्या वर गेलं की सावलीचा पडदा लावा, मागची सीट पाडून हवेला वाट करा किंवा क्रेट पुढे घ्या. क्रेटच्या तिन्ही बाजूंना बॅगा रचून हवा कोंडणं ही नेहमीची चूक. बॅगा एका बाजूला, क्रेटभोवती चार बोटं मोकळी.

उष्माघात कसा ओळखायचा? धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चालताना कुत्रा झोकांड्या खातो, उलटी होते. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर घाला. ४१ च्या आसपास किंवा वर असेल तर एक मिनिटही घालवू नका. सावलीत आणा, साध्या गार पाण्याने सगळं अंग भिजवा, पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू आधी, आणि वारा घाला. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. ३९.५ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान खूप खाली जातं. मग डॉक्टरांकडे. कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी जायचंच, कारण किडनी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एक-दोन दिवसांनी कोलमडू शकते.

हे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे पहाटे पाचच्या आत घर सोडणं. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली करून चिपळूणला जाताना घाट दहाच्या आत उतरतो आणि ऊन चढायच्या आधी बरीच वाट संपते.

निघायचा दिवस

शेवटचं पूर्ण जेवण आदल्या रात्री. सकाळी निघण्याआधी नेहमीच्या चतकोर एवढंच, गाडी लागत असेल तर तेही औषधासोबत घासभर. पिल्लं आणि मधुमेही कुत्री याला अपवाद, त्यांचं डॉक्टरांना विचारा. पाणी मात्र तोडायचं नाही. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं, उन्हात जास्त. १८ किलोच्या कुत्र्याला लिटरभर धरा आणि घरून तीन लिटर घ्या. अनोळखी विहिरीचं किंवा टाकीचं पाणी पहिल्याच दिवशी पाजल्याने पोट बिघडतं. गावी पोचल्यावर दोन दिवस अर्धं घरचं, अर्धं तिथलं असं करा.

दर दोन-अडीच तासांनी थांबा. थांबताना एकच नियम, आधी पट्टा मग दार. प्रवासात कुत्री हरवतात ती बहुतेक याच क्षणी. गाडी थांबते, मागचं दार कुणीतरी उत्साहाने उघडतं, शेजारून ट्रक भोंगा वाजवतो आणि कुत्रा हायवेवर. घरातल्या मुलांसकट सगळ्यांना हे निघण्याआधी सांगा. एक पट्टा हार्नेसला, दुसरा गळपट्ट्याला, आणि गळपट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला. बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव असलं-नसलं चालेल, नंबर हवा, आणि तो गावात रेंज येणाऱ्या सिमचा हवा. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक लसींच्या पुस्तकात लिहिलेला असू द्या.

ढाब्याजवळ उतरवू नका. तिथली कुत्री आपली हद्द राखतात, चार-पाच जणं अंगावर आली तर पट्ट्यातला कुत्रा पळू शकत नाही. दोन-तीनशे मीटर पुढे, रस्त्यापासून आत, सावलीची जागा बघा. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. घाट सुरू व्हायच्या आधी कोयनानगरला दहा मिनिटं थांबा, आणि घाटात काच थोडी खाली ठेवा. डोकं बाहेर काढू देऊ नका, खडी आणि किडे थेट डोळ्यात जातात.

मांजराचा कॅरियर थांब्यावर उघडायचाच नाही. सहा-सात तास बहुतेक मांजरं शू न करता राहतात. खाली पिल्लांसाठी मिळणारं शोषक पॅड घाला आणि दोन जादा ठेवा, बदलायचं झालं तर गाडीच्या सगळ्या काचा वर करूनच बदला.

दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला अशी फेरीबोट वाटेत येत असेल तर कुत्र्याला गाडीतच ठेवा आणि कुणीतरी त्याच्याशेजारी बसा, काचा खाली करून. बोटीचा लोखंडी तळ दुपारी तव्यासारखा तापतो, आणि फळी खाली आपटते तो आवाज ऐकून शांत कुत्राही पाण्याकडे उडी घेऊ शकतो.

औषधांच्या डब्यात हे असू द्या: थर्मामीटर, ५०० मिलिलिटर सलाईन, बीटाडीन, गॉझ, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, गोचीड काढायचा चिमटा, आणि तोंड बांधायला मऊ सुती पट्टी. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो. बीटाडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाचं करून वापरा. वाटेवरच्या आणि गावच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची जागा आणि वेळ आधी फोन करून विचारून ठेवा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी आडगावात जवळचा डॉक्टर कुठे, हे तिथून कळू शकतं.

रेल्वेने जायचं असेल तर

टू एसी, थ्री एसी, स्लीपर किंवा चेअर कारमध्ये कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट एसीत नेता येतो, पण पूर्ण कूपे (दोन बर्थचा) किंवा पूर्ण केबिन (चार बर्थची) तुमच्या नावावर हवी. म्हणजे एकाच पीएनआरवर दोन किंवा चार तिकिटं. कूपेच मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाला आधी अर्ज द्यावा लागतो आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून दुसरी सोय तयार ठेवा. कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. तिकीट, ओळखपत्र, लसींचं पुस्तक आणि डॉक्टरांचं २४ ते ४८ तासांच्या आतलं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घेऊन गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचा. बुकिंग न करता नेलेला कुत्रा सापडला तर सहापट आकार लावतात.

दुसरा पर्याय म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. तिथे पंखा नसतो, गाडी धावत असताना तुम्हाला जाता येत नाही, पाणी फक्त मोठ्या थांब्यावर. मे महिन्यात मी कुणालाही हे सुचवणार नाही.

गावच्या घरात

पोचल्याबरोबर कुत्र्याला सोडू नका. पट्ट्यातच घराला एक फेरी मारा आणि दोन दिवस पट्ट्यातच बाहेर काढा. रात्री पडवीत किंवा अंगणात बांधून ठेवू नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर बिबटे घरापर्यंत येतात, आणि बांधलेला कुत्रा हे त्यांचं सगळ्यात सोपं खाद्य. कुत्रा रात्री दाराच्या आत, कडी लावून.

मांजराला आधी एकाच खोलीत, ट्रे, पाणी आणि त्याच्या टॉवेलसह दोन-तीन दिवस ठेवा. ती खोली निवडताना मान वर करून बघा. कौलारू घरात भिंत आणि छपराच्या मध्ये वीतभर फट असते. मांजर कपाटावर, तिथून भिंतीवर, तिथून माळ्यावर आणि माळ्यावरून थेट परसात. वर छत असलेली खोली हवी, न्हाणीघर असलेली असेल तर उत्तम. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, लठ्ठ मांजरात फार लवकर, आणि ते बरं करणं अवघड असतं.

आंब्याच्या दिवसांत कोयीवर नजर ठेवा. कुत्री गोड गर लागलेली कोय अख्खी गिळतात, ती आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. तीन-चार वेळा उलटी, पोट कडक, शी बंद असं दिसलं तर त्याच दिवशी एक्स-रे करा, आणि कोय गिळताना पाहिलं असेल तर डॉक्टरांना ते सांगा. खाली पडलेल्या काजूच्या बोंडाला बी तशीच असते. तिच्या टरफलातला डीक तोंड आणि ओठ भाजून काढतो. गणपतीत मोदकाच्या सारणात बेदाणे असतील तर तो मोदक कुत्र्याला नाही, कारण बेदाण्यांनी काही कुत्र्यांची किडनी निकामी होते, किती बेदाण्यांनी होईल हे आधी सांगता येत नाही. पाहुण्यांना हे पुन्हा पुन्हा सांगायला लाजू नका.

समुद्रावर सकाळी लवकर न्या आणि सोबत गोडं पाणी ठेवा. तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. वाळूत सुकत पडलेला मासा तोंडात धरू देऊ नका, त्यात गळ अडकलेला असू शकतो आणि केंड मासा तर विषारीच. परत आल्यावर गोड्या पाण्याने पंजे आणि पोट धुवा. कातळसड्यावर संध्याकाळी फिरवताना पट्टा आखूड ठेवा, रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं भरपूर आहे. साप चावला तर काही बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि विषावरची लस उपलब्ध आहे का, हे वाटेतून फोन करून विचारा.

रोज संध्याकाळी हाताने गोचीड शोधा. कानाच्या आत, बोटांच्या मधे, काखेत, गळपट्ट्याखाली, शेपटीखाली. चिमटा कातडीला टेकवून, तोंडाजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही लावू नका. गोचीड घाबरून पोटातलं रक्त उलट कुत्र्यातच सोडते. नख लावून चिरडूही नका, साबणाच्या पाण्यात टाका. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माणसांत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडांमुळेच होतो, त्यामुळे त्या बाजूला जंगलात कुत्र्याला मोकळं सोडणं घरातल्या माणसांसाठीही चांगलं नाही.

परतल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा नखशिखांत गोचीड तपासा, क्रेटमधली गादी गरम पाण्यात धुवा, गाडीच्या सीटच्या फटी साफ करा. त्यानंतर तीन आठवडे लक्ष ठेवा. गोचिडाचा ताप लगेच येत नाही, एक ते तीन आठवड्यांनी येतो, आणि तोवर कोकणचा प्रवास आपण विसरलेलो असतो. जेवण सुटणं, सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, किंवा शूचा रंग चहासारखा गडद, यातलं एकही दिसलं तर ताप मोजा आणि डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याची तारीख सांगून रक्ताची तपासणी करायला सांगा. बॅबेसिया आणि एर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या दोन तापांची औषधं वेगळी आहेत, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करू नका.